मास्तर हॅरी वेल्फेअर

ब्राझीलच्या फुटबॉलची कीर्ती आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. परंतु त्या खेळास बालपणी वळण लावणाऱ्यांत एक शाळामास्तर होते, हे थोड्यांसच ठाऊक असेल.

हॅरी वेल्फेअर यांचा जन्म १८८८ साली इंग्लंडात लिव्हरपूल येथे झाला. अध्यापन हा त्यांचा व्यवसाय आणि फुटबॉल हा छंद. लिव्हरपूलच्या नामांकित संघातून ते मोजके चार सामने खेळले, आणि १९१३ साली रिओ दि जानेरो येथील एका विद्यालयात नोकरी पत्करून ब्राझीलला गेले. तेथे दिवसा मुलांस शिकवावे व फावल्या वेळी फ्लुमिनेन्से क्लबातर्फे खेळावे, असा त्यांचा क्रम सुरू झाला. देह धिप्पाड, धाव वेगवान! या क्लबासाठी १६६ सामन्यांत त्यांनी १६३ गोल केले. हा आकडा मुद्रणदोष नव्हे. १९१७ पासून लागोपाठ तीन वर्षे रिओचे विजेतेपद फ्लुमिनेन्सेकडे राहिले. आघाडीच्या सोबत्यांस ते आपली विद्याही देत. प्रतिपक्षाच्या दोन रक्षकांमधून चेंडू नेमका पुढे कसा सोडावा, हे त्यांनी शिकविले.

मात्र फ्लुमिनेन्से हा श्रीमंत गोऱ्या लोकांचा क्लब. १९१४ साली तेथील कार्लोस आल्बेर्तो नावाचा सावळा खेळाडू तोंडास तांदळाची पावडर लावून मैदानात उतरला, अशी कथा सांगतात. तो वेल्फेअर यांच्याच संघातील सोबती होता. ही गोष्ट वाचून आम्हांस वाईट वाटले.

पुढे १९२७ साली वेल्फेअर वास्को द गामा क्लबाचे प्रशिक्षक झाले. (नाव कालिकतास आलेल्या दर्यावर्दीचेच!) या क्लबाने कृष्णवर्णी व कष्टकरी खेळाडू घेऊन १९२३ साली विजेतेपद मिळविले होते. दुसऱ्या वर्षी बड्या क्लबांच्या नव्या मंडळाने त्यातील बारा खेळाडू वगळण्याची अट घातली, तेव्हा वास्कोने मंडळात जाण्यासच नकार दिला.

अशा संघास वेल्फेअर यांनी १९२९ साली पुन्हा विजेते केले. अमेरिका नामक क्लबाशी निर्णायक सामना दोनदा बरोबरीत सुटला. तिसऱ्यांदा वास्कोने पाच गोलांनी बाजी मारली. त्या संघाचा आधारस्तंभ फाउस्तो हा कृष्णवर्णी होता. १९३४ सालच्या विजयी संघात दोमिंगोस व लेओनिदास हेही होते. यांपैकी लेओनिदासने १९३८ च्या विश्वचषकात सर्वांहून अधिक, म्हणजे सात गोल केले.

वेल्फेअर यांचे देहावसान १९६६ साली ब्राझीलमध्येच, आंग्रा दोस रेइस या समुद्रकाठच्या गावी झाले.