बावन्नाव्या वर्षी पुन्हा बाराखडी

मॉस्को शहरात १८६३ साली कॉन्स्टंटिन अलेक्सेयेव्ह यांचा जन्म झाला. वडिलांचा सोन्या-चांदीची जर बनवण्याचा कारखाना होता. मुलाला मात्र नाटकाचे वेड! घरच्यांना पत्ता लागू नये म्हणून त्याने रंगभूमीसाठी 'स्तानिस्लाव्हस्की' हे नाव घेतले. पुढे तेच नाव जगभर गाजले.

तरुणपणी त्यांना गायक व्हायचे होते. पण आवाज बसू लागला आणि गाणे सुटले. १८९८ मध्ये त्यांनी नेमिरोविच-दान्चेन्को यांच्यासह मॉस्को आर्ट थिएटर सुरू केले. ते मोठे नट आणि दिग्दर्शक म्हणून ओळखले जाऊ लागले.

१९१५ साली त्यांनी पुश्किनच्या पद्यनाटकात सालिएरीची भूमिका केली. प्रत्येक शब्दात खूप अर्थ भरायच्या नादात शब्द जड झाले, गळा आवळला आणि भूमिका फसली. दुसऱ्या एखाद्या नटाने प्रेक्षकांना नावे ठेवली असती. स्तानिस्लाव्हस्कींनी स्वतःच्या बोलण्यातला दोष शोधला. एवढा नामांकित नट बावन्नाव्या वर्षी स्वर आणि व्यंजने पुन्हा घोटू लागला!

१९१८ पासून ते बोल्शॉय थिएटरच्या गायकांना अभिनय शिकवू लागले. शिकवता शिकवता गायकांकडून आवाजाची कला स्वतःही शिकले. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचा तर ओरडून चालत नाही. श्वास सांभाळावा लागतो, शब्दाचे शेवटचे अक्षरही नीट उच्चारावे लागते. (वर्गात नज़्म वाचताना आपण नेमके तेच अक्षर गिळतो!)

रंगमंचावर उभे राहताना अंग ताठ होते, त्यावरही त्यांनी उपाय शोधला. त्यांच्या पुस्तकातले शिक्षक विद्यार्थ्याला पियानोचे एक टोक उचलायला लावतात आणि त्याच वेळी गुणाकार विचारतात. उत्तर येत नाही. स्नायू ताणलेले असले की मन काम करत नाही, हे विद्यार्थ्याला आपोआप पटते. भीती वाटली, तर जवळच्या एखाद्या वस्तूवर लक्ष ठेवायचे. मग समोरच्या गर्दीचा विसर पडतो.

ऑक्टोबर १९२८ मध्ये नाटक चालू असताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला. तरीही पडदा पडेपर्यंत ते उभे राहिले. त्यानंतर मात्र त्यांनी कधीच भूमिका केली नाही. मग विद्यार्थीच त्यांच्या घरी येऊ लागले. १९३५ मध्ये त्यांनी तरुणांसाठी नवा स्टुडिओ काढला. प्रकृती साथ देत नव्हती, पण घरच्या तालमी चालूच होत्या. ७ ऑगस्ट १९३८ रोजी मॉस्कोत त्यांचे निधन झाले.