देशभक्त केशवराव जेधे : ज्ञाती, पक्ष आणि मतदार

थोर पुरुषांच्या चरित्रांत त्यांचे विजय तेवढे वाचण्याची आपणांस सवय असते. त्यांनी मार्ग किती वेळा बदलला व का बदलला, इकडे सहसा लक्ष जात नाही. देशभक्त केशवराव मारुतराव जेधे यांच्या चरित्राचा बोध मात्र त्यांच्या मार्गबदलांतच आहे, असे आम्हांस वाटते. निवडणूक जवळ आली म्हणजे ज्ञातीने कोणास मत द्यावे, हा प्रश्न आपल्या सभांतून हटकून निघतो. म्हणूनच हे चरित्र या स्मरणिकेत आम्ही मुद्दाम सादर करीत आहोत.

केशवरावांचा जन्म १८९६ साली पुण्यास झाला. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी वतनावर पाणी सोडून शिवरायांच्या पाठीशी उभे राहिलेले कारीचे कान्होजी जेधे, त्यांचेच हे घराणे. पुण्यात या कुटुंबाचा पितळी भांड्यांचा कारखाना होता. वडीलबंधू बाबुराव हे राजर्षी शाहू महाराजांच्या विश्वासातील. त्यामुळे शुक्रवार पेठेतील जेधे मॅन्शन हे ब्राह्मणेतर चळवळीचे माहेरघरच बनले.

त्या काळी शाळा, कचेऱ्या व नगरपालिका यांत बहुजन समाजास फारसे स्थान नव्हते. १९१९ च्या सुधारणा कायद्यानंतर मुंबईच्या कायदेमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी ७ जागा राखून ठेवण्यात आल्या. ज्यास कोणी विचारीत नव्हते त्या समाजास आपल्या संख्येचे मोल प्रथमच उमगले. ज्ञातीच्या नावाने एकत्र येणे ही त्या वेळी न्यायाचीच वाट होती, हे विसरून चालणार नाही.

तरुण केशवराव या वाटेवर त्वेषाने चालले. गणेशोत्सवात त्यांचा छत्रपती मेळा गाजू लागला. पुणे नगरपालिकेत त्यांनी महात्मा फुले यांच्या पुतळ्याचा आग्रह धरला; पण तो मान्य झाला नाही. १९२५ साली दिनकरराव जवळकर यांचे ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक त्यांनी प्रकाशित केले. त्यावरून खटला होऊन शिक्षा झाली. अपिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वकिली केली व १९२६ मध्ये सर्वजण निर्दोष सुटले.

पुढील वर्षी महाडच्या सत्याग्रहास पाठिंबा देताना जेधे-जवळकरांनी एक अट घातली. चळवळीत ब्राह्मणांस घेऊ नये, अशी ती अट होती. बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. त्यांचा लढा ब्राह्मण्याशी होता, ब्राह्मण म्हणून जन्मलेल्या माणसाशी नव्हता. आपला कोण आणि परका कोण हे जन्मावरून ठरवू नये, हा धडा केशवरावांस ज्यांच्याकडून मिळाला, त्यांनीच त्यांस न्यायालयात सोडविले होते.

१९३० च्या सत्याग्रहात केशवराव काँग्रेसमध्ये आले आणि त्यांनी कारावास भोगला. काकासाहेब गाडगीळ यांच्याशी त्यांची जोडी जमली. एक ब्राह्मण वकील व एक ब्राह्मणेतर पुढारी खांद्याला खांदा लावून खेडोपाडी हिंडू लागले, ही पुण्यात नवलाची गोष्ट होती. त्यांच्यामागून बहुजन समाज काँग्रेसकडे वळला. १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, आणि १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात १७५ पैकी ८६ जागा काँग्रेसने जिंकल्या. ब्राह्मणेतर पक्ष मागे पडला. मतदार तेच होते. परंतु शेतसारा, कर्ज व स्वराज्य हे प्रश्न आता त्यांस आडनावापेक्षा जवळचे वाटले.

तथापि काँग्रेसमध्ये शेतकऱ्याचा आवाज क्षीण राहतो, असे त्यांस वाटू लागले. शंकरराव मोरे प्रभृतींसह ते बाहेर पडले व शेतकरी कामकरी पक्ष उभा राहिला. १९५२ च्या निवडणुकीत मुंबई विधानसभेत या पक्षास अवघ्या १४ जागा मिळाल्या. ज्या खेड्यांच्या जिवावर पक्ष काढला, त्या खेड्यांनी बहुतांशी काँग्रेसलाच मत दिले! समाज म्हणजे पुढाऱ्याच्या खिशातील नाणे नव्हे, हेच यावरून सिद्ध झाले. १९५४ साली केशवराव स्वगृही परतले.

१९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत भाषेच्या अस्मितेने जातीपातींच्या भिंती ओलांडल्या. पुण्यात काकासाहेब गाडगीळ पराभूत झाले. बारामतीतून केशवराव लोकसभेवर निवडून आले. १२ नोव्हेंबर १९५९ रोजी त्यांचे देहावसान झाले. मराठी राज्य अवघ्या काही महिन्यांवर आले होते. ते पाहण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते. स्वारगेटचा चौक आज त्यांचे नाव सांगतो.

शिक्षकी पेशात असताना मतदान केंद्रावर आमची अनेकदा नेमणूक झाली. केंद्राबाहेर कार्यकर्ते यादीतील आडनावे वाचून मतांचा हिशेब मांडीत. आत मात्र बोटाला शाई लावून घेतलेला मतदार आडोशामागे एकटाच जाई. तेथे त्याच्या सोबतीला ना ज्ञाती, ना पुढारी.

ज्ञातिबांधवहो, आपले मंडळ वसतिगृहे चालवो, शिष्यवृत्त्या देवो, अडल्यानडल्यास धावून जावो. त्या कामी ज्ञातीचे ऐक्य भूषणावहच होय. परंतु मंडळाने मतांचा ठराव करू नये, अशी आमची नम्र सूचना आहे. उमेदवार आपल्यातील आहे काय, एवढेच विचारून थांबू नये. त्याने आपल्यासाठी व शेजाऱ्यासाठी काय केले, हेही विचारावे. केशवरावांस हे उमगण्यास अर्धे आयुष्य वेचावे लागले. आपणांस त्यांचे चरित्र वाचून ते उमगले, तर त्यांच्या स्मृतीस तेच खरे अभिवादन ठरेल.