कल्याणच्या ख्रिस्ती लोकांची नोंद करणारा कॉस्मस



तुमचा धर्म पोर्तुगीजांनी आणला, असे कोणी म्हटले की आपली मुले गप्प बसतात. त्यांच्यासाठी आज आम्ही सहाव्या शतकातील कॉस्मसची ओळख करून देत आहोत.

कॉस्मस हा इजिप्तमधील अलेक्झांड्रियाचा व्यापारी. तांबड्या समुद्रातून त्याने लांबचे प्रवास केले. ५२५ च्या सुमारास अदुलिस बंदरात, इथिओपियाच्या राजाला हवा म्हणून, त्याने एक ग्रीक शिलालेख उतरवून घेतला. पुढे तो मठवासी झाला आणि ५५० च्या सुमारास त्याने ग्रंथ लिहिला. पृथ्वी सपाट असून विश्व मोशेच्या निवासमंडपासारखे आहे, हे त्याला सिद्ध करायचे होते! तिथे तो साफ चुकला. पण बंदरे, माल आणि माणसे यांविषयी तो व्यापाऱ्याच्या नजरेने लिहितो.

मिरी पिकणाऱ्या मले प्रदेशात ख्रिस्ती आहेत आणि कल्लिआना येथे पर्शियाहून नेमलेला बिशपही आहे, अशी त्याची नोंद आहे. कल्लिआना म्हणजे आपले कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तो स्वतः इथे आला, की खलाशांकडून ऐकले, यावर वाद आहे. पण बिशप होता म्हणजे भाविकही होतेच. तेही पोर्तुगीजांच्या जवळजवळ हजार वर्षे आधी.

ते आपले थेट पूर्वज, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. तशी अखंड साखळी हाती नाही. एक दुवा मात्र आहे. १३२१ साली फ्रान्सिस्कन धर्मबंधू ठाण्याला आले, तेव्हा तेथील नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबाने त्यांना आपल्या घरी उतरवून घेतले होते. मुलुंडहून ठाणे एकच स्टेशन.