स्वामी रामानंद तीर्थ आणि तिरंगा

महाराष्ट्रात इतरत्र नसलेले एक झेंडावंदन मराठवाड्यात होते, ते 17 सप्टेंबरचे. हिंगोलीच्या मुलांना ते पाठ आहे. त्यामागचे स्वामी रामानंद तीर्थ मात्र त्यांना नावापुरतेच ठाऊक असतात.

व्यंकटेश भगवानराव खेडगीकर हे त्यांचे मूळ नाव. जन्म 3 ऑक्टोबर 1903, विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे. पेशा शिक्षकाचा. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि पुढे मोमिनाबादची, म्हणजे आजच्या अंबाजोगाईची, योगेश्वरी शाळा त्यांनी नावारूपाला आणली. 1932 साली संन्यास घेतला, पण शिकविणे सोडले नाही. 1938 च्या सत्याग्रहात तुरुंगात गेले.

निजामी राज्याचा झेंडा पिवळा होता. त्यावरील गोल म्हणजे एका सूफी संताने पहिल्या आसफजाहाला दिलेला कुलचा, अशी आख्यायिका आहे. गोष्ट गोड आहे. पण तो झेंडा राजघराण्याचा होता, रयतेचा नव्हता. घटना समितीने 22 जुलै 1947 रोजी स्वीकारलेला तिरंगा या राज्यात लावणे हा गुन्हा ठरला. 15 ऑगस्टला स्वामीजींनी हैदराबाद शहरात तो फडकाविला आणि त्याच दिवशी त्यांना अटक झाली. मध्ये सुटका, पुन्हा अटक. कायमचे बाहेर आले ते पोलिस कारवाईनंतर, सप्टेंबर 1948 मध्ये.

हिरवा पट्टा तेवढा आपला, असे आपली मुले सहज बोलून जातात. काँग्रेसने 1931 सालीच स्पष्ट केले होते की झेंड्याचे रंग धर्मांचे नाहीत: केशरी त्यागाचा, पांढरा सत्याचा, हिरवा श्रद्धेचा. भगवी वस्त्रे नेसलेल्या संन्याशाने तिन्ही रंगांसाठी तुरुंग पत्करला. रझाकारांना विरोध केल्याबद्दल 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांनी ऑगस्ट 1948 मध्ये प्राण दिले. कारवाईनंतर मराठवाड्यातील निरपराध मुसलमानांवरही आपत्ती कोसळली. चौकशीसाठी नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती धाडली. तिचा अहवाल कित्येक दशके दडून राहिला. हे सांगितल्यावाचून ही हकिकत पुरी होत नाही.

स्वामीजी दोनदा लोकसभेवर गेले. भाषावार प्रांतरचनेसाठी हैदराबाद राज्याचे विभाजन व्हावे, हा आग्रह त्यांनी धरला व ते 1956 साली झाले. 22 जानेवारी 1972 रोजी ते निवर्तले. नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे आणि आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालये त्यालाच जोडलेली आहेत.

सामान्य नागरिकाला आपल्या घरावर वर्षभर तिरंगा लावण्याची मोकळीक मिळाली ती 26 जानेवारी 2002 पासून, स्वामीजी जाऊन 30 वर्षे झाल्यावर.