दगडातल्या शंखावरून तळं की समुद्र, हे ओळखणारे हिस्लॉप

मुरबाड, शहापूरच्या खदानींत फुटणारा काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा. माळशेज घाटात त्याचे एकावर एक थर उघडे दिसतात. लाव्हा एका दमात आला नाही. दोन थरांच्या मधल्या काळात इथं तळी होती, झाडं होती, जीव होते. हे ज्यांच्या कामामुळं कळलं, त्यांतले एक मोठे नाव म्हणजे स्टीफन हिस्लॉप. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत आहे, पण त्यांचं शंखांचं काम फार थोड्यांना.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधल्या डन्स गावी झाला. १८४५ साली ते मिशनरी म्हणून नागपूरला आले, शाळा चालवली, गोंडी भाषेचे शब्द जमवले. गावोगाव फिरताना दगडही गोळा करायचे. १८५१ च्या सुमारास सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर नागपूरजवळच्या टाकळीला त्यांना दगड झालेले शंख मिळाले. तेही लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या पातळ गाळात.

खरं काम पुढंच होतं. आतला जीव केव्हाच गेलेला, रंग गेलेला, हातात फक्त कवच. आपण भाताचं वाण दाण्याची लांबी, जाडी, कुसळ बघून ओळखतो, तसंच हे. शंख किती उंच, किती रुंद, वेढे किती, शेवटचा वेढा किती फुगीर, तोंड गोल की लांबट, हे सगळं मोजायचं. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडं धरलं की बहुतेक शंखांचं तोंड उजवीकडं येतं. नागपूरकडच्या फायसा शंखाचं मात्र डावीकडं. एवढ्या एका खुणेवरून तो वेगळा निघतो. पिल्लू शंख आणि मोठा शंख वेगळे दिसतात, म्हणून एकावर निकाल देऊन चालत नाही, ढीगभर नमुने लागतात.

१८६० साली हिस्लॉप यांनी या शंखांचं सविस्तर वर्णन लंडनच्या भूविज्ञान संस्थेच्या नियतकालिकात छापलं. नागपूरकडचे शंख गोड्या पाण्यातले निघाले. आंध्रात राजमहेंद्रीजवळच्या कातेरूचे मात्र वेगळे. त्यातल्या स्क्रूसारख्या लांबलचक शंखाला त्यांनी टरिटेला प्रीलोंगा नाव दिलं. टरिटेला समुद्रातली गोगलगाय. म्हणजे लाव्ह्याच्या काळात नागपूरला तळी होती आणि कातेरूपर्यंत समुद्राचं पाणी पोचत होतं. त्यांनी दिलेली काही नावं पुढं बदलली. लाव्ह्याचं वय त्यांनी धरलं त्याहून जुनं, साधारण साडेसहा कोटी वर्षांचं ठरलं. पण त्यांची वर्णनं अभ्यासक आजही उघडून बघतात.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची जुनी दगडी वर्तुळं बघून परत येताना ते पूर आलेल्या ओढ्यात बुडाले. सेहेचाळीस पूर्ण व्हायला चार दिवस बाकी होते.

आपल्या शेजारी मुंबईत, वरळीला, अशाच मधल्या थरात बेडकांचे सांगाडे सापडलेत. आपल्याकडं रोज डोंगर फुटतोय. काळ्या दगडात मध्येच मऊ, पापुद्रे सुटणारा गाळाचा थर लागला, तर क्रशरला घालण्याआधी एकदा फोडून बघावा. जवळच्या कॉलेजातल्या भूगोल किंवा भूगर्भशास्त्राच्या सरांना दाखवावा. एकदा खडी झाली की त्यातून काहीच वाचता येत नाही.