लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर (२० जून, १८६९ – २६ सप्टेंबर, १९५६) हे मराठी उद्योजक व किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक होते. त्यांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मुंबईत चित्रकला शिकताना रंगांधत्वामुळे त्यांना रंगकाम सोडावे लागले. पुढे ते यांत्रिक आरेखन शिकवू लागले. बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान चालवले आणि कडबा कापण्याची यंत्रे बनवली. तेथील जागा सोडावी लागल्यावर औंध (सध्या सातारा जिल्हा) संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळ जमीन व कर्ज दिले. तेथे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. ती आज सांगली जिल्ह्यात आहे.

लोखंडी नांगर

लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीमुळे शेतकरी त्यांचा लोखंडी नांगर घेईनात. पहिल्या नांगरांना गिऱ्हाईक मिळण्यास सुमारे दोन वर्षे लागली. फाळ गंजतो आणि गंज मातीत उतरतो, हे खरेच आहे. ओल व ऑक्सिजन यांच्या सान्निध्यात लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन गमावून फेरस आयन बनतो, आणखी एक गमावून फेरिक. (मॅग्नेशियमचा अणूही दोन इलेक्ट्रॉन गमावतो, तोही लोखंडाहून सहजपणे.) परंतु फेरिक संयुगे पाण्यात फारशी विरघळत नाहीत आणि मातीत मुळातच लोह विपुल असते, त्यापुढे फाळाचा गंज नगण्य ठरतो. खोल नांगरटीचा लाभ दिसू लागल्यावर मागणी वाढली. पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई झाली, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून नांगर ओतण्यात आले.