पांढऱ्या झिलईचा ध्यास : बर्नार्ड पॅलिसी



घरी पाहुणा आला की आपण त्याच्यापुढे पांढरा शुभ्र कप ठेवतो. त्या कपाकडे निरखून मात्र आपण कधी पाहत नाही. तो हातून पडून फुटला तर फुटलेली कड जरूर पाहा. काही भांडी आतूनही पांढरी असतात. ती खऱ्या चिनी मातीची. काही आतून तांबूस किंवा मळकट निघतात. त्यांचा पांढरेपणा वरच्या पातळ, काचेसारख्या थराचा असतो. या थराला झिलई म्हणतात. खालची माती पूर्णपणे झाकणारी पांढरी झिलई साधावी म्हणून ज्याने आयुष्याची १५-१६ वर्षे वेचली, इतकेच नव्हे तर घरातील टेबलेही भट्टीत घातली, अशा एका कारागिराचे चरित्र मी तुमच्यापुढे ठेवीत आहे.

बर्नार्ड पॅलिसीचा जन्म १५१० च्या सुमारास फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात झाला. घरची गरिबी. लॅटिन, ग्रीक या त्या काळच्या विद्वानांच्या भाषा त्याच्या वाट्याला आल्या नाहीत. तो काचेवर चित्रे रंगविण्याचा धंदा शिकला. जमिनीची मोजणी करून नकाशे काढणेही त्याला येत होते. काही वर्षे गावोगाव हिंडून तो सेंट नावाच्या गावी स्थायिक झाला. लग्न झाले, मुलेबाळे झाली. १५४० च्या आसपास कोणीतरी त्याला झिलई दिलेला एक सुंदर प्याला दाखविला. त्या एका प्याल्याने त्याचे आयुष्य बदलले. अशी झिलई आपण करायचीच, असे त्याने मनाशी ठरविले. पांढरी झिलई साधली की बाकीचे रंग त्याच पायावर उभे राहतील, हे त्याने ओळखले होते. वास्तविक त्याला तोवर कुंभाराची साधी मातीही मळता येत नव्हती!

वाचकहो, या पांढऱ्या झिलईतील मर्म काय आहे? वाळू आणि शिसे एकत्र वितळविले की पारदर्शक काच होते. ती मातीच्या भांड्यावर चढविली तर खालचा तांबडा रंग तसाच दिसतो. परंतु तीत कथलाचे भस्म घातले तर ते सहजासहजी विरघळत नाही. त्याचे अतिसूक्ष्म कण काचेत तरंगत राहतात, पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतात आणि झिलई दुधासारखी पांढरी दिसते. आपल्या मोहल्ल्यात कल्हईवाला पितळेच्या भांड्याला जे कथील लावीत असे, तेच हे कथील.

ही युक्ती पॅलिसीच्या आधी सातशे वर्षे माहीत होती. नवव्या शतकात चीनची पांढरी भांडी समुद्रमार्गे इराकमध्ये येत. तेथे तशी पांढरी माती नव्हती, म्हणून बसऱ्याच्या मुसलमान कुंभारांनी पिवळट मातीवर कथलाची पांढरी झिलई चढविली. पुढे ही विद्या स्पेनमध्ये आणि तेथून इटलीत गेली. इराणातील काशान गावच्या कुंभार घराण्यातील अबुल कासिम याने १३०१ साली आपल्या ग्रंथात शिसे व कथील भाजून झिलई कशी करावी हे लिहून ठेवले. पॅलिसीने भट्टी पेटविली तेव्हा त्या लिखाणाला सुमारे २४० वर्षे झाली होती. पण ते फारसीतील पान सेंट गावापर्यंत कधी पोहोचले नाही, आणि जवळपासच्या ज्या कारागिरांना ही विद्या येत होती ते ती कोणाला सांगत नव्हते. पॅलिसीला अंधारात चाचपडावे लागले.

त्याने निरनिराळे पदार्थ कुटले, फुटक्या मडक्यांच्या खापरांवर त्यांचे लेप दिले आणि स्वतःच्या भट्टीत भाजले. झिलई वितळेना. मग खापरे कुंभारांच्या भट्टीत पाठविली. तेथे आच कमी पडली. शेवटी काचवाल्यांच्या भट्टीत त्याने तीनशेच्या वर खापरे ठेवली. त्यांतील एकच पांढरे, तुळतुळीत निघाले. त्या एका खापराने त्याला नवा हुरूप आला. स्वतःच्या पाठीवर विटा वाहून त्याने नवी भट्टी बांधली. सहा दिवस, सहा रात्री तो आगीसमोर बसला, तरी झिलई वितळली नाही. त्याने नवे मिश्रण केले, पण आता लाकूड संपले. त्याने बागेच्या कुंपणाचे खांब जाळले, नंतर घरातील टेबले, नंतर जमिनीच्या फळ्या! गावात बोभाटा झाला. कोणी म्हणाले वेड लागले, कोणी म्हणाले हा खोटी नाणी पाडतो. मदतीला ठेवलेल्या कारागिराला मजुरी द्यायला पैसे नव्हते, म्हणून त्याने अंगावरचे कपडे दिले.

पुढच्या एका खेपेस भट्टीच्या गिलाव्यातील गारेचे खडे उष्णतेने फुटले आणि त्यांच्या कपच्या ओल्या झिलईत रुतल्या. तो माल स्वस्तात घ्यायला लोक तयार होते. डोक्यावर कर्ज असूनही पॅलिसीने तो सारा फोडून टाकला. खराब माल आपल्या नावावर विकणे त्याला मान्य नव्हते. प्रत्येक अपयशातून तो एक गोष्ट शिकला. राख उडून झिलई बिघडते असे दिसताच त्याने भांड्यांसाठी मातीची आच्छादने केली.

अखेर यश आले, पण ते वेगळ्याच रूपात. साप, सरडे, बेडूक, मासे, शंखशिंपले यांचे हुबेहूब साचे काढून त्यांवर निळी, हिरवी, तपकिरी झिलई दिलेली त्याची तबके राजदरबारी गाजली. राणी कॅथरीन द मेदिची हिने पॅरिसच्या त्वीलरी राजवाड्याच्या बागेतील कृत्रिम गुहेचे काम त्याच्याकडे सोपविले. १५७५ पासून तो पॅरिसमध्ये व्याख्याने देऊ लागला. चूक दाखविणाऱ्याला फी चौपट परत, अशी त्याची अट होती. डोंगरात सापडणारे शिंपले हे एकेकाळचे जिवंत प्राणी आहेत, झऱ्यांचे पाणी पावसाचेच असते, हे त्याने निरीक्षणावरून सांगितले. १५८० साली त्याने आपले अनुभव ग्रंथरूपाने छापले. आपल्या हालअपेष्टा त्यात त्याने सविस्तर लिहिल्या, पदार्थांची नावेही दिली. प्रमाणे मात्र सांगितली नाहीत. तो प्रोटेस्टंट पंथाचा होता. पंथ बदलण्यास नकार दिल्यामुळे म्हातारपणी त्याला कैद झाली आणि १५९० च्या सुमारास पॅरिसच्या बास्तीय तुरुंगात त्याचा अंत झाला.

पालकहो, चिकाटीचे उदाहरण म्हणून ही कथा नेहमी सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. पण वर्गात ती सांगताना मला त्याच्या बायकोची आठवण येते. जमिनीच्या फळ्या निघत असताना ती लेकरे घेऊन कोठे बसली असेल? तिच्या बोलण्यात राग होता, असे तोच लिहितो. तो राग खोटा म्हणता येईल काय? १५-१६ वर्षांची ही किंमत केवळ पांढऱ्या झिलईची नव्हती. विद्या कुलूपबंद राहिल्याची ती किंमत होती, आणि ती एका कुटुंबाने भरली.

आज ते कुलूप निघाले आहे. महाग कथलाऐवजी आता बहुधा झिरकॉन वापरतात, आणि जेवणाच्या भांड्यांत शिसे घातक म्हणून टाळतात. हे सारे रसायनशास्त्राच्या पुस्तकात मिळते. आपल्या गोंदिया जिल्ह्यात राईस मिलमध्ये, गॅरेजात, विडीच्या सुपापुढे बसणाऱ्या कितीतरी हातांत पॅलिसीची चिकाटी आहे. त्या हातांना पुस्तकाचे ते पान मिळावे, एवढ्यासाठीच शाळा असते. मुलामुलींची शाळा मधेच सोडवू नका. आणि विद्यार्थी मित्रांनो, जे शिकाल ते प्रमाणांसकट दुसऱ्याला सांगा.